सव्वादोन मिलिमीटरचं दार

राग धरायचा तर नीट रचून धरावा, असं भाचीचं मत होतं. नुसतं धुमसत बसलं की राग वाफेसारखा उडून जातो आणि मागे उरतं ते फक्त पित्त. म्हणून सूर्यरावांचे अपराध तिने मनात क्रमवार लावून ठेवले होते. आजवर सतरा झाले होते. तिसरा: जिन्यात समोरासमोर येऊनही ओळख न दाखवणं. नववा: पाहुण्यांना लेथची ओळख करून देणं, लेथ चालवणारीची न देणं. चौदावा: "बाई, जरा खिडकी उघडा," असं म्हणणं, तेही ज्या खोलीला खिडकीच नाही तिथे. आणि पहिला अपराध तिच्या मामांच्या बाबतीतला. तो एकटाच पुरेसा होता. बाकीचे सोळा नुसते तोंडी लावायला.

भाची मामांची खरोखरच सख्खी भाची. मामा या कार्यशाळेत तीस वर्षं टर्नर होते. सगळे त्यांना मामा म्हणत, त्यामुळे ही आपोआप सगळ्यांची भाची झाली. आता चाळिशी उलटली, कानाशी केस पांढरे झाले, तरी भाचीच. सूर्यराव हे प्रयोगशाळेचे प्रमुख, आणि हे नाव कार्यशाळेनेच ठेवलेलं. दर भाषणात ते म्हणत, "आपण सूर्य जमिनीवर आणतो आहोत," आणि मग रुमालाने कपाळ पुसत. जणू आत्ताच खांद्यावरून उतरवून ठेवला.

हा सूर्य आणायचा होता एका डबीत. करंगळीच्या टोकाएवढी सोन्याची डबी, आतून पोकळ, भिंत केसाहून पातळ. दोन्ही टोकांना एकेक गोल भोक. त्याला कार्यशाळेत 'दार' म्हणत. मधोमध मोहरीएवढी गोळी टांगलेली आणि गोळीत गोठवलेला हायड्रोजन. लेसरचे झोत दोन्ही दारांतून आत शिरत, पण गोळीला हात लावत नसत. थेट गोळीवर मारले तर ती एका अंगाने दबते आणि चिमटीतून लिंबाची बी सटकावी तशी सटकते. म्हणून झोत पडायचे आतल्या भिंतींवर. भिंत निमिषात लाखो अंश तापायची आणि क्ष-किरण सोडायला लागायची. बेकरीच्या भट्टीत जाळ पावाला शिवत नाही, भिंतीच पाव भाजतात, तसंच. सगळी डबी क्ष-किरणांनी भरली की ते गोळीला चहूबाजूंनी सारखं दाबत, सूर्याच्या पोटात पेटतो तसा आतला हायड्रोजन पेटेपर्यंत. निदान कागदावर तरी दाबत.

अशी डबी करायची कशी? आधी तांब्याचा गाभा लेथवर हिऱ्याच्या टोकाने कातायचा. त्यावर सोन्याचा थर चढवायचा. मग दारं कापायची आणि सगळं दिवसभर ॲसिडमध्ये सोडायचं. ॲसिड तांबं खाऊन टाकतं, सोन्याला तोंड लावत नाही. उरते ती पोकळी. मामा म्हणत, "आपला धंदा म्हणजे पोकळी विकायचा. साहेब लोकांचंही तेच, पण त्यांना ॲसिड लागत नाही."

लेथच्या खोलीचे नियम दोन. एक, दार बंद. खोली वीस अंशांवर ठेवलेली. कुणी दार उघडं टाकलं की तांबं फुगतं आणि माप हलतं. दुसरा नियम जोडाचा. प्रत्येक डबीबरोबर तिच्यासारखीच दुसरी करायची, त्याच कांबीतून, त्याच दिवशी. एक डबी प्रयोगात जाते आणि तिचा धूरसुद्धा उरत नाही. दुसरी ड्रॉवरमध्ये राहते. पुढे काही प्रश्न निघाला तर मेलेल्या डबीच्या वतीने उत्तर द्यायला. जोडाच्या कडेला करणारा आपली खूण करतो आणि शेजारी प्रयोगाचा आकडा कोरतो. मामांची खूण दोन रेघांची, दुसरी पहिलीपेक्षा किंचित आखूड; भिंगाशिवाय दिसायची नाही.

चार वर्षांपूर्वी, एकशे बाराव्या प्रयोगाआधी, सूर्यरावांनी दार लहान करायला सांगितलं. पावणेतीन मिलिमीटरचं सव्वादोन. लहान दारातून क्ष-किरण बाहेर कमी सांडतील, असं त्यांचं गणित. मामांनी नकाशाच्या समासात पेन्सिलने लिहिलं: "इतकं लहान दार तापून आत फुगेल आणि मिटेल. लेसरचे पाहुणे निम्मे आत, निम्मे बाहेर." सूर्यरावांनी ते खोडरबराने पुसलं. प्रयोग फसला, डबी हवी तेवढी तापलीच नाही. आणि अहवालात ओळ आली: "दार वेडंवाकडं. कारागिराचा हात हलला."

ओळ खोटी होती, पण मोठी हुशारीने निवडलेली. कारण मामांचा हात खरंच हलायचा. चहाचा कप धरताना बशी वाजायची, सगळ्यांनी पाहिलेलं. लेथला लागला की तोच हात दगडासारखा स्थिर व्हायचा, पण ते बघायला लेथच्या खोलीत कोण येतंय? "जोड तपासा," मामा म्हणाले. जोड तपासणीसाठी सूर्यरावांच्या कार्यालयात गेला होता. परत आली ती चिठ्ठी: "जोड गहाळ."

मामांना घरी बसवलं. याहून वाईट पुढेच होतं. पहिलं वर्ष ते चिडले, दुसऱ्या वर्षी गप्प झाले, तिसऱ्या वर्षी त्यांना वाटायला लागलं की हात हललाच असेल. आता दाढीसुद्धा मामी करून द्यायची. भाचीला सूर्यरावांचं वाटोळं हवं होतंच, ते काही ती लपवत नव्हती. पण त्याहून जास्त हवी होती ती ओळ. मामांच्या डोळ्यांसमोर, खोडलेली.

आणि मग दोनशेव्या प्रयोगाचा नकाशा आला. विज्ञान मंडळाच्या अध्यक्षबाई स्वतः बघायला येणार होत्या. नव्या मोठ्या लेसरचं प्रमुखपद सूर्यरावांना द्यायचं की नाही, ते त्यावर ठरणार होतं. भाचीने नकाशा उलगडला. दार: मधली चार वर्षं पावणेतीन, आता पुन्हा सव्वादोन मिलिमीटर. माणसाला आपली चूक एकदा दुसऱ्याच्या नावावर चढवता आली की ती दुरुस्त करायची सोयच राहत नाही.

पहिला विचार आला तो सोपा होता. डबी ॲसिडमधून दोन तास आधी काढायची. आतल्या भिंतीवर तांब्याचा पापुद्रा राहील, डोळ्याला दिसणार नाही, आणि तांबं काही सोन्याइतके क्ष-किरण देत नाही. अध्यक्षबाईंच्या समोर सूर्य उगवता उगवता ठसकेल. या विचाराने भाचीला तीन रात्री छान झोप लागली.

रविवारी दुपारी ती मामांकडे गेली. मामी मामांच्या गालाला साबण लावत होती.

"बोल," मामी म्हणाली. "चेहऱ्यावरून कुणाचा तरी मुडदा पाडून आलेली दिसतेस."

"पाडायचाय अजून." भाचीने बेत सांगितला.

मामी हातातलं ब्लेड थांबवून म्हणाली, "दोन तास कशाला? चार तास आधी काढ."

मामांनी मान वळवली. साबणाच्या फेसातून फक्त डोळे दिसत होते. ते म्हणाले, "म्हणजे तू खराब तुकडा देणार."

"त्याची तीच लायकी आहे."

"त्याच्या लायकीचं कोण बोलतंय? आजवर या खोलीतून खराब तुकडा गेलेला नाही. गेला असलाच तर माझा एक. तू आता दुसरा पाठवणार. म्हणजे तो खोटं बोलला होता, ते तू खरं करून देणार."

"मामा, तुमचा खराब नव्हता!"

"कुणास ठाऊक," मामा म्हणाले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले. हात गुडघ्यावर थरथरत होता. "हललाही असेल."

घरी जाताना भाची चार थांबे चालतच गेली. मामांचं म्हणणं तिला मुळीच पटलं नव्हतं, आणि खोडूनही काढता येत नव्हतं. म्हाताऱ्या माणसांची ही खोडच असते. तिसऱ्या थांब्याशी मात्र ती एकदम थांबली आणि रस्त्यातच हसली. सूर्यरावांना खराब डबी देऊन उपयोग नव्हता. खराब डबी तर त्यांना हवीच होती. प्रयोग फसला की बोट दाखवायला त्यांना एक हलणारा हात लागत असे. मग तो द्यायचाच नाही. मागतील ते तंतोतंत द्यायचं. सव्वादोन म्हणजे सव्वादोन. दार मिटेल हे त्यांना एकदा लिहून सांगून झालं होतं. पुन्हा पुन्हा सांगायला ती काही त्यांची आई नव्हती.

तिने आयुष्यात केली नव्हती इतकी सुरेख डबी केली. अकरा दिवस लागले. लेथच्या खोलीला तिने आतून कडी घातली. ॲसिडमध्ये डबी पूर्ण दिवस ठेवली आणि वर चार तास, मामीच्या नावाने. मोजायला बसल्या मायक्रॉनबाई. मापन विभाग म्हणजे त्या एकट्या; नवऱ्याच्या मिशीची दोन टोकंसुद्धा सारखी नाहीत म्हणून लग्नात अडून बसल्या होत्या, अशी बातमी होती.

"अगं, ही काय चीज केलीस!" सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता त्या म्हणाल्या. "भोकाच्या गोलाईत चूक पाव मायक्रॉन. ही जाळायला द्यायची? जीव तुटतो."

"जळू दे. तिच्याबरोबर आणखी एक जळणार आहे."

"कोण?"

"माप लिहा तुम्ही."

माप लिहून झालं. राहिली सही. आजवरची पद्धत अशी की डबीच्या स्वीकृतीवर सूर्यराव सही करत ती प्रयोगानंतर. तारीख आधीची घालत. प्रयोग जमला तर 'निर्दोष', फसला तर 'सदोष'. म्हणजे डबी चांगली होती की वाईट हे ती नाहीशी झाल्यावर ठरायचं. भाचीने दोन कागद घेतले आणि ती त्यांच्या केबिनमध्ये गेली. नोकरीला एकोणीस वर्षं झाली होती, केबिनमध्ये पहिल्यांदाच जात होती.

"काय बाई, काही अडचण?"

"अडचण नाही, सर. माझ्या हातावर लक्ष ठेवा, असं सांगायला आलेय. घराण्यातच हात हलायचा दोष, तुम्हाला माहीतच आहे." हे वाक्य तिने आरशासमोर नऊ वेळा म्हटलं होतं. "म्हणून म्हटलं, डबी आधीच तपासून घ्या. आणि या वेळी क्ष-किरणांचा कॅमेरा सरळ दारावर रोखा. एका झोतात बारा फोटो निघतात. दार वाकडं असलं तर मी लगेच पकडली जाईन."

सूर्यरावांचा चेहरा खुलला. बळी स्वतःच दोरी घेऊन आल्यावर कुणाचा खुलणार नाही? "छान. प्रामाणिकपणा मला आवडतो," ते म्हणाले आणि पेन शोधू लागले. मायक्रॉनबाईंची मापं त्यांनी वरवर पाहिली, 'निर्दोष' लिहिलं, सही केली. कॅमेऱ्याच्या अर्जावरही केली.

तेवढ्या वेळात भाचीची नजर टेबलावर गेली. काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकचा एक ठोकळा होता, आत सोन्याची डबी गोठवलेली, खाली पट्टी: 'प्रकल्पाची गौरवशाली वाटचाल'. कामाच्या सवयीने तिचा हात खिशातल्या भिंगाकडे गेला.

"फारच सुरेख आहे, सर. बघू का?"

"बघा, बघा. तुमच्याच विभागाची कला."

तिने भिंग लावलं. कडेला दोन रेघा. दुसरी पहिलीपेक्षा किंचित आखूड. शेजारी आकडा: ११२.

भाचीने आकडा दोनदा वाचला. त्या ठोकळ्याने समोरचं टक्कल फोडायचा विचार तिच्या मनात आला आणि गेला नाही. तो तिने बाजूला सरकवला फक्त. ठोकळा होता तिथे ठेवला, कागद घेतले, आणि "येते, सर," म्हणून निघाली. जिन्यात तिने अठरावा अपराध नोंदवला आणि त्याला पहिल्याच्या शेजारी जागा दिली.

प्रयोग सकाळी अकराला होता. नियंत्रण कक्षात अध्यक्षबाई पुढच्या खुर्चीत बसल्या. ठेंगण्या, करड्या केसांच्या बाई, पर्स मांडीवर घट्ट धरलेली, बसमध्ये धरावी तशी. सूर्यरावांनी सूर्य जमिनीवर आणला, कपाळ पुसलं. मागच्या भिंतीशी मायक्रॉनबाई आणि भाची उभ्या. उलटी मोजणी झाली. आवाज असा काही झालाच नाही. लांब कुठेतरी जाड दार आपटल्यासारखं वाटलं. आठ अब्जांश सेकंदांत अकरा दिवसांची डबी संपली.

पडद्यावर तापमानाची रेघ उमटली. सुरुवातीला झकास चढली. सूर्यराव खुर्चीतून अर्धे उठले. मग मध्येच तिचा दम गेला. वाकली आणि खाली आली. दुसऱ्या पडद्यावर परत उलटलेल्या लेसरचा आकडा होता. तो मात्र चढत गेला, चढतच गेला.

"म्हणजे काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

सूर्यराव तयारच होते. "मॅडम, गणित अचूक आहे. पण आमची कार्यशाळा... काय सांगायचं, हातकाम आहे शेवटी. दार जरासं जरी वाकडं असलं—"

"सर," मायक्रॉनबाई मागून म्हणाल्या, "तुम्ही सोमवारी 'निर्दोष' लिहून सही केलीत. ही बघा."

कागद हातोहात पुढे गेला. अध्यक्षबाईंनी चष्मा चढवला, सही पाहिली, मग सही करणाऱ्याला पाहिलं.

"आणि कॅमेरा होता ना दारावर?" भाची म्हणाली. "सरांनीच मंजूर केला. माझी चूक पकडायला. लावा की फोटो."

बारा फोटो एकापुढे एक आले. पहिल्यात दार गोल. तिसऱ्यात जरा लहान, पण गोलच. सातव्यापर्यंत कडेचं सोनं तापून, फुगून, सगळीकडून सारखंच आत सरकलेलं. झोपाळू डोळ्याची बाहुली बारीक होत जावी तसं. दहाव्यात उरला होता एक ठिपका, आणि बाहेर अडलेला सगळा प्रकाश तिथून माघारी फिरत होता.

"वाकडं दार असतं तर एका बाजूने मिटलं असतं," मायक्रॉनबाई म्हणाल्या. "हे तर कंपासने काढल्यासारखं मिटलंय. दार लहान होतं, मॅडम. दुसरं काही नाही."

"लहान करायला कुणी सांगितलं?"

मायक्रॉनबाईंनी नकाशा पुढे केला. नकाशावर नाव होतंच.

सूर्यराव मात्र हुशार माणूस. एक दार मिटलं म्हणून थांबणारे नव्हेत. "आजचं मान्य," ते म्हणाले. "हा नवा मुद्दा आहे, यातून शिकता येईल. पण एकशे बारा क्रमांकाला हेच दार होतं आणि तिथे कारागिराचा दोष सिद्ध झाला होता. त्यामुळे माझी दिशाभूल झाली. मूळ चूक तिथली."

भाची याच वाक्याची चार वर्षं वाट बघत होती. ते इतकं आयतं ताटात पडेल असं मात्र तिला वाटलं नव्हतं.

"सिद्ध कसा झाला, सर? जोड तर गहाळ होता."

"हो, म्हणजे... दुर्दैवाने."

"दुर्दैवाने तुमच्या टेबलावर आहे. ठोकळ्यात."

ठोकळा खाली आणायला पाच मिनिटं लागली. त्या पाच मिनिटांत सूर्यरावांनी कपाळ तीनदा पुसलं, आणि सूर्य तर केव्हाच विझला होता. मायक्रॉनबाईंनी ठोकळा मापन विभागातून मागवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खूण मोठी होऊन पडद्यावर आली: दोन रेघा, आकडा ११२. मग दाराची कड आली. गोल. गुळगुळीत.

"गोलाईत चूक शून्य दशांश चार मायक्रॉन," त्यांनी वाचलं. "केसाचे दीडशे भाग करा, त्यातला एक. हात हलला म्हणे!"

"ही तुमच्याकडे कशी, डॉक्टर?" अध्यक्षबाईंचा आवाज अगदी मऊ झाला होता.

"मॅडम, गौरव समारंभासाठी नमुना हवा होता. आणि हा तुकडा इतका निर्दोष होता की—"

वाक्य तिथेच राहिलं. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं.

मोठ्या लेसरचं प्रमुखपद कुणाला जाणार नाही, हे कक्षातल्या प्रत्येकाला कळलं. अध्यक्षबाईंनी पर्स बंद केली. "अहवाल दुरुस्त होईल," त्या भाचीला म्हणाल्या. "कार्यालयातून टाइप करून पाठवते."

"टाइप नको, मॅडम. ओळ सरांनी हाताने लिहिली होती. खोडायचीही त्यांनीच, हातानेच."

अहवालाची जुनी फाइल आली. सूर्यरावांनी ती ओळ खोडली आणि खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरात काहीतरी लिहिलं. भाचीने कागद उजेडात धरला. भिंग लावलं. वेळ घेतला.

"अक्षर लागत नाही, सर. परत लिहा."

त्यांनी परत लिहिलं.

"'कारागिराचा हात' पर्यंत लागतंय. पुढचं नाही. सावकाश लिहा, घाई काय आहे?"

तिसऱ्या वेळी ठसठशीत लिहिलं गेलं: 'कारागिराचा हात हलला नव्हता. दार लहान करण्याचा निर्णय माझा होता.' पहिल्या दोन वेळीही लागत होतं. पण अठरा अपराधांच्या बदल्यात तीनदा लिहिणं काही फार नाही.

संध्याकाळी तिने कागदाची नक्कल आणि तो ठोकळा मामांपुढे ठेवला. मामीने कागद मोठ्याने वाचला. मग पुन्हा वाचला. 'माझा होता' वर आवाज चढवून तिसऱ्यांदा वाचायला लागली, तेव्हा मामांनी हात वर केला.

"माप किती आलं?"

"शून्य दशांश चार."

मामांनी ठोकळा उचलला आणि खिडकीशी नेला. हात थरथरत होता, ठोकळ्यातल्या सोन्याचे कवडसे भिंतीवर नाचत होते. ते कितीतरी वेळ पाठमोरे उभे राहिले. भाचीला वाटलं, रडतायत. मामीलाही वाटलं, तिने पदर शोधला.

मामा वळले ते रागाने लाल होऊन.

"चार? चार कसं येईल? माझं दोनच्या वर कधी गेलं नाही!" त्यांनी भाचीवर बोट रोखलं. "त्या दिवशी जेवणाचा डबा विसरलीस म्हणून तू आत-बाहेर करत होतीस. दार उघडं टाकलं होतंस. आठवतंय मला!"

"मामा, चार वर्षं झाली—"

"तांब्याला ते सांग! आणि तू गं," ते मामीकडे वळले, "ते ब्लेड आण इकडे. गालावर अर्धे केस तसेच ठेवतेस रोज. हाताला वळण नाही."

मामीने ब्लेड आणून दिलं. भाची आरसा धरून उभी राहिली. डबा ती खरंच विसरली होती, आणि दारही उघडं राहिलं होतं. पण तो अपराध कुणाच्या यादीत घालायचा, हे तिने मामांची दाढी पुरी होईपर्यंत ठरवलं नाही.